कलमाचा पहिला मोहोर



पौष-माघाच्या थंडीत कोकणातल्या एखाद्या नव्या बागेत गेलात, तर एक मोठा गोड देखावा दृष्टीस पडतो. दोन वर्षांपूर्वी लावलेले हापूसचे कलम असते. उंची जेमतेम लहान मुलाच्या कमरेएवढी, खोड अंगठ्याएवढे, आधाराला एक काठी बांधलेली. आणि त्या एवढ्याशा झाडाच्या शेंड्यावर भला दांडगा मोहोर! घरची माणसे कौतुकाने बघायला जमतात. आजी म्हणते, "पायगुणाचं कलम आहे हो!" पोरे तर न धरलेल्या कैऱ्यांच्या वाटण्या करून मोकळी होतात. अशा वेळी घरातला एखादा जाणता माणूस चाकू घेऊन येतो, कलमापाशी उकिडवा बसतो आणि तो मोहोर मुळापासून कापून टाकतो. पोरे हिरमुसतात. आजी दिवसभर बोलत नाही.

आज मी आपल्याला ह्या कापलेल्या मोहोराचा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया नि तहनामे येतात. पण शेतकऱ्याच्या हाताच्या एखाद्या लहानशा हालचालीमागेही पुष्कळ मोठा इतिहास असतो. कोवळ्या कलमावर फळ ठेवावे की न ठेवावे, आणि ठेवावे तर किती, हा प्रश्न आजचा नाही. आंब्याचे कलम करायला माणूस शिकला त्या दिवशीच तो जन्माला आला.

आधी कलमे नव्हती तेव्हाचे पाहू. आंबा खाल्ला, बाठा परसात टाकला, पावसाळ्यात तो रुजला आणि त्याचे झाड झाले, तो आपला रायवळ आंबा. ह्या रायवळाची एक खोड सर्वांना ठाऊक आहे. आई साखरेसारखी गोड, म्हणून तिचा बाठा लावावा, तर पोर निघावे आंबट आणि दोरेदार! कारण असे की, बाठ्यातला कोंब हा एकट्या आईचा नसतो. फुलावर माश्यांनी आणलेला पराग कुठल्या झाडाचा, ते कोण सांगणार? दक्षिणेकडे किनारपट्टीवर काही जाती अशा आहेत की त्यांच्या एका बाठ्यातून अनेक कोंब येतात आणि त्यांतले बहुतेक आईसारखेच निघतात. पण आपला हापूस, पायरी, केशर ह्यांचे तसे नाही. बाठ्यातून त्यांचे बीज राखता येत नाही.

रायवळाची दुसरीही एक खोड आहे, आणि आपल्या आजच्या विषयाला तीच महत्त्वाची आहे. तो लवकर फळत नाही. सहा वर्षे, आठ वर्षे, कधी दहाही वर्षे तो नुसता वाढतो. लावणारा कंटाळतो. पण त्या वर्षांत झाड काय करीत असते? मुळे खोल सोडते, खोड जाड करते, फांद्या चारी अंगांनी पसरते. घर बांधायचे काम चालू असताना पाहुण्यांना बोलवायचे नाही, असा जणू त्याचा नेमच असतो. झाडाच्या बालपणावर निसर्गाने घातलेले हे कुलूप आहे. पहिला मोहोर येतो तेव्हा झाड फळांचा भार पेलण्याजोगे झालेले असते.

हे कुलूप माणसाने उघडले ते कलम बांधून.

झाडावर झाड चढवण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. फांदीवरून किंवा दुसऱ्या झाडावर चढवून कोणती झाडे वाढवावीत, त्यांची यादी त्यात दिली आहे. फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष अशी नावे तिच्यात येतात. आंब्याचे नाव मात्र येत नाही. म्हणजे विद्या जुनी होती, पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आंब्याच्या बाबतीत तिचा मोठा पसारा झाला तो पोर्तुगीज आल्यानंतर.

१५१० साली आफोंसो द अल्बुकर्क ह्याने गोवा घेतला. त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याचे औषधी वनस्पतींवरचे संवादरूप पुस्तक गोव्यात छापले गेले. त्यात आंब्यावर एक संवाद आहे. मुंबई बेट तेव्हा ह्या ओर्ताकडे खंडाने होते, आणि तिथल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, असे तो अभिमानाने सांगतो. आंब्याची गोडी ह्या परक्या मंडळींना अशी लवकरच लागली. मग चांगला आंबा जसाच्या तसा कसा राखावा, हा प्रश्न त्यांनाही पडला. युरोपात सफरचंद नि नासपतीची कलमे बांधण्याची रीत जुनी होती. गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी आपल्या बागांतून ती आंब्यावर चालवली, आणि तिथूनच गोव्याच्या कलमी आंब्याची परंपरा सुरू झाली, असे मानले जाते.

ह्या परंपरेच्या खुणा आजही आपल्या बोलण्यात आहेत. मानकुराद हे नाव 'मालकोराद' म्हणजे 'रंगाने बेताचा' ह्या पोर्तुगीज शब्दावरून आले. मुसराद, फर्नांदीन, कुलास ह्या नावांत पोर्तुगीज घराण्यांची नावे लपलेली आहेत. आपल्या पायरीचा धागाही 'पेरेस' ह्या आडनावापर्यंत नेऊन भिडवतात. हापूस हा तर 'आफोंसो'च. तो आफोंसो म्हणजे गोवा जिंकणारा अल्बुकर्क, असे सर्वसाधारणपणे सांगतात. पण सतराव्या शतकात हिंदुस्थानात वावरलेल्या मनूची नावाच्या व्हेनिसच्या प्रवाशाने गोव्याच्या उत्तम आंब्यांची नावे दिली आहेत, त्यांत 'निकोलाव आफोंसो' असे एक नाव आहे. तेव्हा हापूसच्या नावामागे विजेता आहे की कोणी बागवाला, ह्यावर गुरुजनांनी वर्गात खुशाल वाद घडवून आणावा! आपल्यापुरते ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की आंब्याला माणसाचे नाव मिळाले ते कलमामुळे. रायवळाला नाव देऊन उपयोग काय? एक झाड गेले की ते नावही गेले. कलमामुळे एकच झाड हजार ठिकाणी उभे राहू लागले.

१७५९ साली जेझुइटांना पोर्तुगीज राज्यातून हाकलून लावण्यात आले. पण पाद्री गेले तरी कलमे राहिली, आणि बांधणारे हात तर इथल्याच माळ्यांचे होते. गोव्यातून ही कलमे कोकणात वर सरकली. जांभ्या दगडाच्या कातळात सुरुंग लावून, खड्ड्यात माती भरून आपल्या लोकांनी ती लावली. आज देवगड आणि रत्नागिरी ही नावे हापूसच्या नावाला अशी चिकटली आहेत, की गोव्याची आठवण क्वचितच कोणाला होते.

आता ही कलमे बांधीत कशी, ते थोडक्यात पाहू. जुनी रीत भेटकलमाची. मडक्यात वाढवलेले रायवळाचे वर्षभराचे रोप चांगल्या झाडाखाली किंवा मांडवावर नेऊन ठेवायचे. रोपाच्या दांड्याची एका बाजूची साल काढायची, मातृवृक्षाच्या तेवढ्याच जाडीच्या फांदीचीही साल काढायची, आणि दोघांची भेट घालून घट्ट बांधायचे. म्हणून भेटकलम! दोन-तीन महिन्यांत जीव एक होतो. मग रोपाचा वरचा शेंडा आणि फांदीचा खालचा भाग थोडा थोडा काप देत सोडवायचा. राहिले ते कलम. खाली रायवळाचा खुंट आणि वर हापूसची काडी.

मंडळी, सगळी मेख ह्या काडीत आहे. खुंट एका वर्षाचे पोर असते. पण काडी कुठून आली? तीस-चाळीस वर्षे फळे देणाऱ्या झाडावरून. ती तुटून आली तरी आपले वय विसरत नाही. झाडाच्या बालपणाचे कुलूप तिच्या बाबतीत केव्हाच उघडलेले असते. थंडी पडली, फूट जून होऊन विसावली, की मोहोर काढायचा एवढेच तिला ठाऊक. म्हणून रोपवाटिकेतल्या पिशवीतही कलम मोहोरलेले दिसते. ह्यात कलमाचा पायगुण नाही नि जमिनीचा कसही नाही. पाय पोराचे आणि डोके आजोबांचे, अशी ही जोडी आहे! आजोबा म्हणतात, फळ आण. पोराचे पाय म्हणतात, अजून उभे राहता येत नाही.

फळ आले म्हणून बिघडते कुठे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पंगतीच्या दाखल्याने देतो. पान हे झाडाचे स्वयंपाकघर. तिथे शिजलेले अन्न मुळांना लागते, खोडाला लागते, नव्या पालवीला लागते आणि फळालाही लागते. पण फळ हा जावई आहे. पंगतीत पहिले वाढप त्याला. त्याचे पोट भरून उरेल ते बाकीच्यांना. मोठ्या झाडावर हजारो पाने असतात, जावयाचे लाड परवडतात. दोन वर्षांच्या कलमाला शेंडे मुळी सहा-आठ. त्यांतल्या चार शेंड्यांवर फळे बसली, की ते चार शेंडे त्या हंगामात पालवी काढीत नाहीत. पालवी नाही म्हणजे पाने नाहीत, पाने नाहीत म्हणजे पुढच्या वर्षीचे अन्न नाही.

दुसरे असे की, आंबा पोसतो तो फाल्गुन-चैत्र-वैशाखात. आपल्या कातळावर जमीन सर्वांत जास्त तापते ती नेमकी तेव्हाच. मुळे अजून खड्ड्याबाहेर गेलेली नाहीत, वर ऊन रणरणते आहे, आणि अंगावर पाव-पाव किलोची फळे लोंबत आहेत. काही कलमे अशा उन्हाळ्यात वाळून जातात. काही वाचतात, पण खुरटतात. कधी फळांच्या ओझ्याने आणि वाऱ्याने सांध्यावरच कलम फाटते. आणि मरणाऱ्या कलमापेक्षा खुरटलेले कलम जास्त फसवे! मेलेले कलम आपण उपटून दुसरे लावतो. खुरटलेल्याला वर्षानुवर्षे पाणी घालत बसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा वडिलांनी घरामागच्या भरडाला सहा कलमे लावली. तिसऱ्या वर्षी सगळ्यांना मोहोर आला. वडिलांनी पाच झाडांचा कापला. सहावे झाड माझ्या आजीच्या खिडकीसमोर होते. तिथे ती उभी राहिली आणि म्हणाली, "देवानं दिलेलं असं खुडू नये रे. एवढं एक झाड माझ्यासाठी ठेव." वडिलांचे आईपुढे काही चालले नाही. त्या झाडाला नऊ फळे धरली. काथ्याने बांधून, काठ्या लावून आम्ही ती राखली. आजीने पहिला आंबा देवापुढे ठेवला आणि दुसरा मला दिला. त्या आंब्याची चव अजून जिभेवर आहे, खोटे कशाला सांगू? पण त्या पावसाळ्यानंतर पाचही कलमांना तांबूस पालवी आली आणि सहावे तसेच उभे राहिले. पुढच्या वर्षीही त्याने पालवीआधी मोहोर काढला. दहा वर्षांनी पाच झाडांखाली गुरे सावलीला बसत होती आणि सहावे माझ्या खांद्याला लागत होते. आजी तोवर गेली होती. वडिलांनी ते झाड तोडले नाही. ते म्हणत, "असू दे. शिकवायला बरं आहे."

आता इतिहासाकडे वळू, कारण इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मोहोर कापावा हे शहाणपण तर पुष्कळांना ठाऊक होते. मग कापीत नसत ते का? सगळेच काही आजीच्या मायेने थांबत नसत. बहुतेक ठिकाणी कारण वेगळे होते. थांबायला ऐपत लागते. थांबायला जमिनीचा भरवसा लागतो.

गोव्यातल्या मठांच्या बागांना घाई नव्हती. फळ आज नाही आले तर पाच वर्षांनी येईल, मठ काही कुठे जात नव्हता. कोकणातल्या खोतालाही थांबता येत होते. पण कुळाचे काय? खोती गावातल्या ज्या कुळाला उद्या ही जमीन आपल्याकडे राहील की नाही ह्याचाच पत्ता नाही, त्याने झाड लावायचे कोणाच्या भरवशावर? आणि लावलेच, तर हाताशी आलेला मोहोर कापून पाच वर्षांनंतरच्या फळाची वाट पाहायची कोणाच्या जिवावर? भातासारखे पीक चार महिन्यांत हाती येते. आंबा हा दीर्घ मुदतीचा सौदा आहे. ज्याच्या पायाखालची जमीन पक्की, त्यालाच तो करता येतो.

ह्या खोतीविरुद्ध कोकणात मोठे लढे झाले. कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून कित्येक वर्षे चालला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसणारा कूळ त्या दिवसापासून जमिनीचा मालक मानला जाणार होता. कायदा झाला म्हणून सगळीकडे लगेच न्याय झाला असे नव्हे. पण ज्याच्या नावावर सातबारा झाला, त्याच्या घरी कलम लावण्याला अर्थ आला. कोवळ्या झाडाचा मोहोर कापणारा हात हा पुष्कळ वेळा मालकीचा भरवसा मिळालेला हात असतो, असे मी म्हणतो ते ह्यामुळे.

जमिनीनंतर आले कलमाचे शास्त्र. १९५७ मध्येच वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र सुरू झाले. नीलम आणि हापूस ह्यांच्या संकरातून तयार झालेला 'रत्ना' आंबा १९८१ साली तिथूनच बाहेर पडला. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आणि ह्या काळात भेटकलमाची जागा हळूहळू कोयकलमाने घेतली.

कोयकलम म्हणजे काय, तर पावसाळ्याच्या तोंडाला बाठे रुजत घालायचे. कोंब वर येऊन पाने तांबूस असतानाच, म्हणजे पंधरा दिवसांच्या आतल्या रोपाचा शेंडा उडवायचा, मध्ये चीर द्यायची, आणि चांगल्या झाडाच्या तीन-चार महिन्यांच्या काडीला पाचरीसारखा काप देऊन ती चिरेत बसवायची. वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली की झाले. भेटकलमाला मातृवृक्षाची एकेक फांदी महिनोन् महिने अडकवून ठेवावी लागे. कोयकलमाला नुसती काडी पुरते. त्यामुळे जिथे वर्षाला शेकड्यांनी कलमे होत, तिथे हजारांनी होऊ लागली. कलम स्वस्त झाले, हलके झाले, पिशवीत घालून एस.टी.तूनही नेता येऊ लागले.

मात्र आमच्या प्रश्नाला ह्याने नवी धार आली. भेटकलमात निदान खुंट वर्षाचा असे. कोयकलमात खुंट पंधरा दिवसांचे तान्हे बाळ, आणि काडी तीच जुनी, जाणती! रोपवाटिकेतल्या वर्षात खुंट बराच सावरतो, पण पाय आणि डोके ह्यांच्या वयातले अंतर काही मिटत नाही.

मग १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीची योजना आणली. लहान शेतकऱ्यालाही खड्डे खणण्यापासून कलमे जगवण्यापर्यंत अनुदान मिळू लागले, आणि ते तीन वर्षांच्या हप्त्यांनी मिळे. वरकस, पडीक डोंगर आंबा-काजूने हिरवे झाले. ह्या योजनेचे उपकार कोकण विसरणार नाही. पण एक गोष्ट पाहा. अनुदानाचे शेवटचे वर्ष तिसरे, आणि कलमावर मोहोर मिरवायचे वर्षही साधारण तेच! हप्ता संपला, झाडावर फळ दिसते आहे, घरात नड आहे. अशा वेळी चाकू हातात घ्यायला मोठे काळीज लागते. शिवाय पूर्वी दारात चार कलमे असत. आता शंभर असतात. शंभर झाडांचा मोहोर काढायला मजूर लावा, म्हणजे उत्पन्न न येण्यासाठी पैसे मोजा. हा हिशेब शेतकऱ्याच्या गळी उतरणे सोपे नाही.

त्याच सुमारास आणखी एक वस्तू आली. तिचे शास्त्रीय नाव पॅक्लोब्युट्राझोल, आणि बाजारात तिला कल्टार म्हणतात. झाडाची शाकीय वाढ रोखून त्याला मोहोराकडे वळवायचे, हे तिचे काम. हापूस एक वर्ष फळतो आणि एक वर्ष रुसतो. त्या रुसव्यावर दापोलीच्या संशोधनातून हा उपाय पुढे आला. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, झाडाच्या विस्ताराच्या मानाने मोजून ते मुळांशी द्यायचे. मोठ्या, सशक्त झाडाला, खतपाणी नीट असताना, मापात दिले तर त्याचा उपयोग आहे. पण दहा वर्षांच्या आतल्या झाडाला ते देऊ नये, असा जाणत्यांचा सल्ला आहे, आणि त्याचे कारण आता आपल्या ध्यानात आलेच असेल. कोवळ्या कलमाला फळाची घाई आधीच असते. त्याची वाढ रोखून त्याला आणखी फळायला लावणे म्हणजे पळणाऱ्या पोराला उतारावर ढकलण्यासारखे आहे. बाग एखाद्या व्यापाऱ्याला वर्षा-दोन वर्षांच्या कराराने दिलेली असेल, तर मालकाने इथे फार सावध असावे. व्यापाऱ्याचा करार फळांशी आहे. झाडाशी करार आपला आहे.

आता कामाचे चार शब्द सांगतो.

पहिली तीन ते चार वर्षे कलमावर येणारा सगळा मोहोर काढावा. तो ओढून तोडू नये, फांदीची साल सोलते. मोहोर पुरता बाहेर आला, की फळ धरण्याआधी कात्रीने किंवा धारदार चाकूने देठाशी कापावा आणि खालची पाने राखावीत. फार घाई करून, थंडी ऐन भरात असताना कापला, तर त्याच शेंड्याच्या बगलेतून दुसरा मोहोर फुटतो. तसा तो फुटला तर तोही काढावा. एकदा कापून भागले, असे समजू नये. त्याच फेरीत खुंटावर, म्हणजे सांध्याच्या खाली आलेली फूट काढून टाकावी. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर हापूस मरतो आणि रायवळ वाढतो.

पाचव्या वर्षापासून काही फळे ठेवायला हरकत नाही. पण इथे पंचांगाकडे न पाहता झाडाकडे पाहावे. खोड मनगटाएवढे भरले आहे का? फांद्या चारी बाजूंना सुटल्या आहेत का? गेल्या पावसाळ्यानंतर झाडाला चांगली पालवी आली होती का? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर फळ ठेवावे. एखाद्याचे 'नाही' असेल तर आणखी एक वर्ष धीर धरावा. मोहोरात फुले हजारांनी असतात, पण बहुतेक गळतात. धरलेल्या कैऱ्यांतल्याही पुष्कळ आपोआप गळतात. झाडाला त्याची निवड करू द्यावी. फळे सुपारीएवढी झाली, की मग आपण विरळणी करावी. जाड, आतल्या फांदीवरची फळे ठेवावीत, बारीक शेंड्यावरची काढावीत, आणि एका शेंड्यावर एकाहून जास्त फळ ठेवू नये. सहाव्या-सातव्या वर्षापासून भार वाढवत न्यावा.

ह्या नियमाला दोन अपवाद सांगितले पाहिजेत. कलम खात्रीचे आहे की नाही, अशी शंका कोणाला असते. हापूस म्हणून दुसरेच काही गळ्यात मारल्याच्या तक्रारी आपण ऐकतो. अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखाद्या सशक्त झाडावर एक फळ, फक्त एकच, पारखण्यापुरते ठेवायला हरकत नाही. दहा वर्षांनी फसवणूक कळण्यापेक्षा ते बरे. दुसरा अपवाद घन लागवडीचा. पूर्वी दहा मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी शंभर कलमे लावीत. हल्ली पाच मीटरवर, म्हणजे हेक्टरी चारशेही लावतात. तिथे झाड मुद्दाम ठेंगणे राखतात, दरवर्षी छाटतात आणि फळ थोडे लवकर घेतात. पण तिथेही पाणी, खत नि छाटणी नेमाने लागते. त्यांची घाई तेवढी घेतली आणि मेहनत घेतली नाही, तर हाती खुरटलेली कलमेच येणार.

शेवटी एक विनंती शिक्षक बंधु-भगिनींना. शाळेच्या आवारात कलम असेल, तर त्याचा पहिला मोहोर सुट्टीच्या दिवशी गुपचूप कापू नका. मुलांसमोर कापा. आधी त्यांना विचारा, कापावा की ठेवावा? वाद होऊ द्या. वाटल्यास दोन कलमांपैकी एकावर फळे ठेवा, दुसऱ्याची काढा, आणि दर श्रावणात दोन्ही खोडांभोवती दोरी गुंडाळून माप वहीत लिहायला लावा. चौथीतले पोर सातवीत जाईपर्यंत त्या वहीतले आकडेच बोलू लागतील.

आणि घरी आजी असेल तर तिच्यावर रागावू नका. वाढत्या वयाच्या माणसाला पाच वर्षे थांब म्हणून सांगणे सोपे नाही. तिला जुन्या झाडाचा आंबा आणून द्या, आणि कलमापाशी बसवून सांगा, "आजी, हा मोहोर आपण नातवाच्या नावानं कापतो आहोत." कलम लावणाऱ्या कित्येक हातांनी आजवर हेच केले आहे. त्यांनी आपला पहिला मोहोर सोडला, म्हणून आपण आज त्या झाडांखाली आंबे वेचतो.